ताप कोणी उतरवला?

अशी कल्पना करा की तुम्ही मुंबईत मानखुर्दला राहता आणि तिथल्याच एका शाळेत नववीत शिकता. जुलै महिना आहे. आठ दिवस पावसाने उसंत घेतलेली नाही. वर्गात गुरुजी हजेरी घेत आहेत आणि दर तिसऱ्या-चौथ्या नावाला कोणीतरी सांगते, "गुरुजी, तो आजारी आहे." ताप, अंगदुखी, घसादुखी, कोरडा खोकला. फ्लूची साथ आली आहे. पुण्या-मुंबईकडे ही साथ बहुधा पावसाळ्यातच जोर करते. मानखुर्दसारख्या दाट वस्तीत, जिथे एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्याची भिंत असते, तिथे एकाचा खोकला सगळ्या घराचा व्हायला वेळ लागत नाही.

आठवड्याने मुले परत येतात. संजय सांगतो, "डॉक्टरांनी नवीन गोळी दिली. चौथ्या दिवशी ताप गेला." सुनंदा म्हणते, "मला आजीने तुळस-आल्याचा काढा दिला. माझाही चौथ्या दिवशीच गेला." मागच्या बाकावरचा अन्वर हसून म्हणतो, "मी तर नुसता झोपून होतो. माझा पाचव्या दिवशी गेला."

आता सांगा, ताप कोणी उतरवला? गोळीने, काढ्याने, की झोपेने? का तो आपोआपच उतरायचा होता?

प्रश्न साधा वाटतो, पण औषधशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी हा एक आहे. त्याचे उत्तर कसे शोधतात आणि ते शोधताना तुमच्याच वयाच्या मुलांची गरज का पडते, ते या लेखात पाहू.

विषाणूची चोरी

फ्लू हा आजार इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूमुळे होतो. जीवाणू हा स्वतंत्र सजीव असतो. तो खातो, वाढतो, दुभंगतो. विषाणूला यातले काहीच स्वतः करता येत नाही. तो आपल्या नाका-घशाच्या पेशीत शिरतो आणि तिथली यंत्रसामग्री वापरून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. म्हणूनच जीवाणूंना मारणारी प्रतिजैविके फ्लूवर काही कामाची नाहीत.

विषाणूला अडवायचे तर त्याच्या कामातल्या एखाद्या पायरीवर बोट ठेवावे लागते. ऑसेल्टामिव्हिर हे औषध १९९९ पासून वापरात आहे. नव्याने तयार झालेले विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात आणि एका विकराच्या साहाय्याने ते स्वतःला कापून मोकळे करतात. ऑसेल्टामिव्हिर त्या विकराची कात्री बोथट करते. विषाणू जागच्या जागी अडकून राहतो.

दुसरे औषध अधिक नवे आहे. त्याचे नाव बॅलॉक्झाव्हिर. ते जपानमध्ये शोधले गेले आणि २०१८ साली जपान व अमेरिका या दोन्ही देशांत त्याला परवानगी मिळाली. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्या पेशीत प्रथिने तयार करण्याचे हुकूम संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावर लिहिलेले असतात. या धाग्याच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. टोपी नसलेला हुकूम पेशी सहसा वाचत नाही. विषाणूच्या हुकमांना स्वतःची टोपी नसते. मग तो काय करतो? आपल्या पेशीतल्या हुकमांच्या टोप्या कापून चोरतो आणि आपल्या हुकमांना चढवतो! बिचारी पेशी फसते आणि विषाणूची प्रथिने बनवू लागते. टोपी कापणारे हे जे विकर, तेच बॅलॉक्झाव्हिर निकामी करते. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकते, म्हणून त्याची एकच मात्रा पुरते.

युक्ती नामी आहे, यात शंका नाही. पण काचेच्या बशीत विषाणू अडला म्हणजे मानखुर्दचा संजय लवकर बरा होईल, असे म्हणता येते का? नाही. ते माणसांवरच पाहावे लागते.

न दिसणारा दुसरा रस्ता

संजयने गोळी घेतली आणि तो चार दिवसांत बरा झाला. गोळी घेतली नसती तर तो किती दिवसांत बरा झाला असता? हे संजयलाही सांगता येणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही, कारण तोच माणूस तोच आजार दोनदा, एकदा औषध घेऊन आणि एकदा न घेता, भोगू शकत नाही. फ्लू बहुतेकांचा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. म्हणून "घेतले आणि बरा झालो" या अनुभवाला येथे फारशी किंमत नाही.

उपाय एकच. सारख्या माणसांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि तुलना करायची. पण गट सारखे कसे करायचे? डॉक्टरांनी आपल्या मनाने निवड केली तर ते नकळत अधिक आजारी मुलाला औषधाच्या गटात घालतील. आईबापांनी निवड केली तर जे लवकर दवाखान्यात पोचतात तेच औषध मागतील. म्हणून निवड नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगावर सोपवतात. योगायोगाला कोणाची दयाही येत नाही आणि तो कोणाला झुकते मापही देत नाही. गट पुरेसे मोठे असले तर अशक्त-सशक्त, गरीब-श्रीमंत, लहान-मोठे असे सर्व दोन्हीकडे जवळपास सारखे वाटले जातात.

दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला माहीत नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. ते फक्त एका सांकेतिक क्रमांकाच्या यादीत असते आणि ती यादी शेवटी उघडतात. अशा चाचणीला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. डोळ्यांवर ही पट्टी मुद्दाम बांधलेली असते, कारण 'मला नवीन औषध मिळाले' या समजुतीनेच कितीतरी जणांना बरे वाटू लागते.

आकडे काय सांगतात?

बॅलॉक्झाव्हिरची मोठी चाचणी २०१६-१७ च्या हिवाळ्यात अमेरिका आणि जपान येथे झाली. १२ ते ६४ वर्षे वयाचे १,४३६ रुग्ण तीत होते. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत आलेल्यांनाच घेतले होते, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांतच विषाणू भराभर वाढतो. चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावून काय उपयोग!

१२ ते १७ वर्षे वयाच्या ज्या मुलांना फ्लूच झाल्याचे प्रयोगशाळेत निश्चित झाले, त्यांपैकी ६३ जणांना औषध आणि २७ जणांना प्लासिबो मिळाले होते. लक्षणे ओसरायला लागलेल्या वेळेचा मध्यक औषधाच्या गटात ५४ तास, तर प्लासिबोच्या गटात ९३ तास आला. म्हणजे सुमारे दीड दिवसाचा फरक.

येथे सरासरी न घेता मध्यक का घेतला, ते ओळखले का? एखाद्याचा खोकला महिनाभर रेंगाळला तर त्या एकट्यामुळे सरासरी फुगते. मध्यक मात्र रांगेतल्या मधल्या मुलाची वेळ सांगतो. त्याच्यावर टोकाच्या आकड्याचा परिणाम होत नाही. गणिताच्या पुस्तकातला मध्यक असा दवाखान्यात उपयोगी पडतो.

आता हे आकडे नीट वाचा. औषध घेऊनही मुले दोन दिवसांहून अधिक काळ आजारी होतीच. औषध जादूची कांडी नव्हे. शिवाय मुलांची संख्या लहान आहे. संशोधकांनी हिशेब करून सांगितले की औषधाच्या गटाचा खरा आकडा ४३ ते ८१ तासांच्या दरम्यान, आणि प्लासिबोच्या गटाचा ६४ ते ११८ तासांच्या दरम्यान कोठेतरी असावा. पल्ले बरेच रुंद आहेत. मुले जितकी कमी, तितका पल्ला रुंद. आपल्या निष्कर्षाची खात्री किती आणि शंका किती, हे दोन्ही सांगणे ही विज्ञानाची रीत आहे.

चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. काही रुग्णांच्या शरीरातल्या विषाणूने आपल्या विकरात एका जागी किंचित बदल केला आणि औषधाची पकड सैल केली. औषध घेतलेल्यांपैकी ९.७ टक्के जणांत असे झाले. बारा वर्षांखालील मुलांच्या एका जपानी अभ्यासात हेच प्रमाण २३.४ टक्के निघाले. तोच विषाणू, तेच औषध, पण वय बदलताच आकडा दुपटीहून अधिक झाला.

मोठ्यांचे औषध मुलांना का चालत नाही?

कोणी म्हणेल, "मोठ्यांवर तपासले ना? मग मुलांना त्याच्या अर्धे द्या!" ही समजूत किती महागात पडू शकते याचे उदाहरण फ्लूच्याच इतिहासात आहे. ताप आला की ॲस्पिरिन द्यायचे, ही एके काळी घरोघरची रीत होती. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर डग्लस राय यांनी मुलांमधल्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्यांतून बरे होता होता मूल एकाएकी उलट्या करू लागे, बरळू लागे आणि बेशुद्ध पडे. यकृत व मेंदू दोन्ही बिघडत. पुढे आजारी व निरोगी मुलांची तुलना केल्यावर संशय ॲस्पिरिनवर आला. अमेरिकेत १९८० साली अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. पालकांना सावध केले गेले, ॲस्पिरिनच्या वेष्टनांवर इशारा छापला गेला, आणि १९८७ नंतर ही संख्या वर्षाला ३६ च्या वर गेली नाही. मोठ्यांना सहज चालणारे औषध फ्लू झालेल्या मुलांना घातक ठरू शकते, हे त्यातून कळले. म्हणून फ्लूच्या तापात मुलांनी मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

वजनाचेही तसेच आहे. बॅलॉक्झाव्हिरला अमेरिकेत प्रथम परवानगी मिळाली तेव्हा मात्रेचे कोष्टक ४० किलोपासून सुरू होत होते. आता आपल्या वर्गात नजर फिरवा. नववीत असूनही ४० किलोचा काटा न गाठलेली मुले तुम्हाला दिसतीलच. त्यांच्यासाठी त्या कोष्टकात ओळच नव्हती! पुढे लहान मुलांवर वेगळ्या चाचण्या झाल्या, आणि २०२२ मध्ये तिथे ५ वर्षांपासूनच्या मुलांसाठी परवानगी मिळाली. ज्यांच्यावर औषध तपासलेच नाही, त्यांना ते देणे म्हणजे प्रत्येक वेळी एक नोंद न ठेवलेला प्रयोगच करणे होय.

घेतले म्हणून झाले?

तुलनेची गरज गुण पाहताना असते, तशीच दोष पाहतानाही असते. २००७ च्या सुरुवातीला जपानमध्ये ऑसेल्टामिव्हिर घेतलेली दोन शाळकरी मुले इमारतीवरून पडून मरण पावली. देश हादरला. औषधाने मुले भ्रमिष्ट होतात असा संशय आला आणि मार्च २००७ मध्ये सरकारने १० ते १९ वयाच्या रुग्णांना ते देऊ नये असे डॉक्टरांना कळवले. सावधगिरी म्हणून हे योग्यच होते. पण पुढच्या वर्षांतील नोंदी तपासल्यावर दिसले की दुसरे औषध घेणारी आणि कोणतेच औषध न घेणारी फ्लूची मुलेही कधी कधी अशीच बरळतात, उठून धावत सुटतात. तापच त्याला कारणीभूत असू शकतो. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये ते बंधन उठले.

बॅलॉक्झाव्हिरच्या चाचणीतही २० वर्षांवरील रुग्णांची तुलना प्लासिबो आणि ऑसेल्टामिव्हिर या दोन्हींशी केली, पण १२ ते १९ वयाच्या मुलांची फक्त प्लासिबोशीच. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे २१ टक्के जणांनी काही ना काही तक्रार सांगितली. आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी? सुमारे २५ टक्के! पहिलाच आकडा ऐकला असता तर आपण घाबरलो असतो. दुसरा ऐकल्यावर पहिल्याचा अर्थ कळतो.

'हो' कोणी म्हणायचे?

येथवर सर्व गणित झाले. पण या गटांत बसलेली ती माणसे आहेत, आणि आपल्या विषयात तर मुले. त्यांना चाचणीत घ्यायचे तर 'हो' कोणी म्हणायचे?

मुंबईचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८९६ साली शहरात प्लेगने थैमान घातले. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावले कोणीच नाही. तुलना होती, फायदाही झाला. परळची हाफकिन संस्था आजही त्या कामाची आठवण देते. पण जरा विचार करा. बंद दाराआड बसलेल्या कैद्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक खरोखर किती असते?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एका प्रकल्पात देण्यात आली. नंतर चौकशीत असे आढळले की अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर आईबापांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही. पण संमतीतला हा दोष इतका गंभीर होता की एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी विचारण्याची पद्धत वाईट असू शकते.

मानखुर्दला हे विशेष जाणवायला हवे. येथे निराधार मुलांची बालगृहे आहेत. सही करायला आईबाप नसलेली मुले तिथे राहतात. 'एका जागी राहतात, सगळी एका वेळी सापडतात' म्हणून अशा मुलांना निवडणे सोपे असते, आणि म्हणूनच त्यांना अधिक जपावे लागते.

आज आपल्याकडे नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांची संमती तर हवीच, पण ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही हवा. म्हणजे कागदावर तुमची स्वतःची सही लागते. २०१९ च्या चिकित्सा चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक चाचणी आधी एका नैतिक समितीपुढे जाते. तीत किमान सात सदस्य असतात, आणि डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती व सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीची जाहीर नोंदही व्हावी लागते. निकाल गैरसोयीचा निघाला तरी तो गुपचूप गाडून टाकता येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे.

तुमच्या शाळेत कोणी आले तर

फ्लूला हलके समजू नका. १९१८ च्या साथीत ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मरण पावली. २००९ च्या साथीत भारतातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. तुमच्याच वयाची. तेव्हा नवी औषधे हवीत, आणि ती तुमच्या वयासाठी तपासलेली हवीत. कोणीच 'हो' म्हटले नाही तर ती तपासली जाणार नाहीत. न समजता सगळेच 'हो' म्हणाले तर ते योग्य होणार नाही.

उद्या कोणी असे विचारायला आले, तर न लाजता हे प्रश्न विचारा: हे औषध आधी कोणावर तपासले? मला औषधाऐवजी प्लासिबो मिळू शकेल का, आणि मग प्रकृती बिघडली तर काय कराल? त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला गाठायचे? मधेच सोडावेसे वाटले तर सोडता येईल ना, आणि त्यानंतरही माझ्यावरचे उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील ना? या प्रश्नांची सोप्या मराठीत उत्तरे मिळाली तर घरी बसून विचार करा, आणि मग 'हो' म्हणा किंवा 'नाही' म्हणा. दोन्ही उत्तरे मानाची आहेत.

वर्गात करून पाहा

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने आपली उंची एका चिठ्ठीवर लिहावी. प्रथम पुढच्या बाकांवरील वीस आणि मागच्या बाकांवरील वीस असे दोन गट करून दोन्हींचा मध्यक काढा. उंच मुले बहुधा मागे बसतात, त्यामुळे फरक मोठा येईल. हा मनाने केलेला गट. आता सर्व चिठ्ठ्या डब्यात घालून हलवा आणि न बघता वीस-वीसचे दोन गट काढा. मध्यक पुन्हा काढा. ते किती जवळ आले? शेवटी न बघता फक्त चार-चार चिठ्ठ्यांचे गट काढा आणि हे पाच-सहा वेळा करा. फरक कधी इकडे तर कधी तिकडे उड्या मारताना दिसेल.

चिठ्ठ्या परत डब्यात ठेवताना संजय, सुनंदा आणि अन्वर यांची आठवण करा. तिघांच्या तीन गोष्टी ऐकून ताप कोणी उतरवला हे ठरवता येत नाही. त्यासाठी पुष्कळ मुले लागतात, योगायोगाने केलेले गट लागतात, आणि त्या प्रत्येक मुलाने समजून-उमजून दिलेला होकार लागतो.